लुआन फ्रायटागची जीभ

लुआन फ्रायटागच्या जिभेला दोन कामं होती आणि दोन्हींत तिचा हात धरील असं न्यू अर्लेन गावात कुणी नव्हतं. एक, माणसाला तोंडावर खरं सांगणं. दुसरं, चीज चाखून त्याचं पुढे काय करायचं ते ठरवणं. पहिल्या कामाचा पगार मिळत नसे, उलट त्यापायी एखादी शेजारीण महिना महिना बोलत नसे. दुसऱ्याचा पगार गावचा दूध संघ देत होता, गेली एकतीस वर्षं.

ही जीभ मुळात तिच्या वडिलांना सापडली. नऊ वर्षांची असताना एका एप्रिलच्या सकाळी तिने दुधाचा पेला अर्धवट खाली ठेवला आणि सांगून टाकलं, गायी रानकांद्यात शिरल्यात. वडील म्हणाले, पी गुमान. दोन तासांनी टँकरवाला आला, त्याने टाकीचं झाकण उघडून हुंगलं आणि सगळं दूध नाकारून निघून गेला. त्यानंतर दर वसंतात, टँकर यायच्या आधी, पहिला पेला लुआनला मिळू लागला. बेचाळीस गायींच्या त्या घरात बाकीच्या चार भावंडांना शेण काढायचं काम होतं आणि हिला दूध प्यायचं. भावंडं साठीला टेकली तरी अजून तिला हे ऐकवतात.

संघात ती लागली साचे धुवायला. चीज पारखायच्या टेबलावर तेव्हा आर्नी नावाचा म्हातारा बसायचा. बायका सेंट फासून येतात, त्यांच्या नाकाचा काय भरवसा, असं तो म्हणाला. लुआन म्हणाली, “मी सेंट लावत नाही. तू तोंडातला तंबाखू थुंक, मग बघू कुणाचं नाक चालतं.” आर्नीने तंबाखू काही थुंकला नाही, पण तीन वर्षांनी घरी बसताना आपली सळी त्याने हिच्याच हातात दिली.

सळी म्हणजे पन्हळीसारखी अर्धगोल, धारदार पोलादी पट्टी. चाळीस पौंडांच्या वडीत ती खुपसायची, अर्धा वळसा द्यायचा आणि ओढायची, की चीजची बोटभर कांडी बाहेर येते. कांडी आधी नाकाखाली. मग तुकडा मोडून अंगठा आणि बोटात मळायचा. मग जिभेवर. मग बादलीत थुंकायचा, कारण दिवसाला दहा हौदांचं चीज गिळत बसलं तर माणूस दारात मावणार नाही. एका हौदात एका वेळी बनलेल्या सगळ्या वड्यांचं नशीब एकच. तीन महिन्यांच्या झाल्या की त्यांतली एक टेबलावर येते आणि तिथे आकडा पडतो. तीन म्हणजे दोन वर्षांहून जास्त मुरवा. दोन म्हणजे वर्षभर. एक म्हणजे आत्ताच विकून मोकळे व्हा. शून्य म्हणजे वितळवा आणि पातळ कापांच्या पाकिटांत भरा.

खोलीचा नियम लुआननेच घातला होता. टेबलावर माणसं दोन. दोघांनी चाखायचं, बोलायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही, आपापल्या चिठ्ठीवर आकडा लिहायचा आणि दोन्ही चिठ्ठ्या एकदम उलटायच्या. जुळलं तर पुढची वडी. नाही जुळलं तर भांडायचं. समोर बसायचा डेव्हन हॅल्वर्सन, अडतीस वर्षांचा, जुळ्या मुलींचा बाप. सात वर्षं घासून लुआननेच त्याला तयार केला होता. आठवड्यातून दोन-तीनदा दोघांची जुंपायचीच.

“याला तीन? नाकात बूच मारून आलास काय?”

“तुम्हीच आज कांदा खाऊन आलात, लुआन. इथवर वास येतोय.”

शेजारच्या खोलीत बसणारा डग मार्टी, म्हणजे कारखान्याचा व्यवस्थापक, अशा वेळी रेडिओ मोठा करायचा. ही भांडणं लुआनला फार आवडायची. भांडणाशिवाय ठरलेल्या आकड्यावर तिचा पुरता विश्वास बसत नसे.

गेल्या जूनमध्ये गिळताना तिच्या कानात कळ यायला लागली. जिभेच्या मुळाशी गाठ निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशी गाठ किरणांना दाद देते. मग पस्तीस वेळा तोंडावर जाळीचा मुखवटा चढवून तो टेबलाला खिळवायचा, वर आठवड्याला एक औषधाची बाटली शिरेतून. तोंड आतून सोलून निघालं. तीन महिने पोटाला लावलेल्या नळीतून जेवण. गाठ विरघळली. जीभ जागेवर राहिली. चव गेली.

कधी परत येते, कधी अर्धीच येते, वर्ष लागतं, दोन लागतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या घाईत होत्या आणि त्यांच्या लेखी बाई जिवंत होती, हे पुष्कळ होतं. लुआनच्या लेखीही ते पुष्कळच होतं, पण फक्त पहिला महिना.

कामावर परत जायचा एक छापील कागद असतो. त्यावर चौकटी असतात. किती पौंड उचलता येईल, किती तास उभं राहता येईल, गारठ्यात काम चालेल का. डॉक्टरीणबाईंनी सगळीकडे खुणा केल्या, अर्धा दिवस काम असं लिहिलं आणि सही ठोकली. जिभेसाठी चौकट नव्हती. लुआनने तो कागद तीनदा वाचला आणि आपण कुठेही खोटं बोललेलो नाही, असं स्वतःला सांगितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ही मूठ झाकण्यामागे कारण होतं, आणि ते हलकं नव्हतं. नवरा व्हर्न स्वतःचा दुधाचा टँकर चालवायचा. त्याचा तो मालक, त्यामुळे त्याला विमा देणारं कुणी नाही. दोघांचा विमा लुआनच्या नोकरीवर टांगलेला. संघाने आठ महिने तिची जागा राखली होती, पण मार्च उजाडल्यावर राखणार नव्हता. आणि एप्रिलमध्ये गाठ परत आली की नाही ते बघायची मोठी तपासणी होती. जागा गेली तर विमा गेला, आणि विम्याशिवाय तपासणीच्या यंत्राच्या दारात उभंसुद्धा करत नाहीत. म्हणून फेब्रुवारीतल्या एका सोमवारी, बाहेर उणे वीस असताना, लुआन गळ्याला मफलर आणि हाताला पाण्याची बाटली घेऊन कामावर हजर झाली.

जेवणाच्या खोलीत केक ठेवला होता, निळ्या साखरेची फुलं काढलेला. सगळे उभे राहून बघत होते. लुआनने दोन घास खाल्ले. ओला पुठ्ठा चघळावा तसं लागलं.

“कसा झालाय?” पॅकिंगमधल्या एका बाईने विचारलं. तिनेच केला होता.

“गोड आहे,” लुआन म्हणाली. केक होता, म्हणजे गोडच असणार.

मग ती टेबलाशी आली. पांढरा कोट, जाळीची टोपी, सळी. पहिली कांडी काढून नाकाखाली धरली आणि तिचा जीव भांड्यात पडला. नाक शाबूत होतं. लोणी, उकडलेलं दूध, मागे किंचित अक्रोड, सगळं जिथल्या तिथे. बोटंही शाबूत होती. तुकडा मळताना दाणा कसा मोडतो, कुठे चिकटतो, ते बोटांना कळत होतं. आणि चीजमधल्या खोडी बहुतेक नाकालाच कळतात. आंबूस असो, खवट असो, गोठ्याचा वास असो, नाक पकडतंच. फक्त एक खोड नाकाला चकवते. कडवटपणा. त्याला वास नसतो. तो जिभेच्या पार मागे लागतो, आणि लुआनची नेमकी तीच जागा भाजून निघाली होती. तीन महिन्यांच्या चीजमध्ये तो निसटता असतो. दोन वर्षं मुरवलं की तेच चीज तोंडात धरवत नाही.

तुकडा बोटात मळला आणि तिने ओळखलं, हा वॉल्ट एबरलीच्या हातचा हौद. इतका रेशमी दाणा कारखान्यात दुसऱ्या कुणाला जमत नाही. वॉल्ट चाळीस वर्षं चीज करतोय, त्याचा हौद आजवर कधी कडू निघालेला नाही. तिने तोंडात घातला, चघळला, थुंकला, तीन लिहिलं. चिठ्ठ्या उलटल्या. डेव्हनचेही तीन.

“जमतंय की,” डेव्हन म्हणाला.

“न जमायला काय झालं?” लुआन म्हणाली आणि बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायली.

पहिला आठवडा असा गेला. कुणाला तिने ताकास तूर लागू दिली नाही. पण आत तिची झोप उडाली होती. रोज सकाळी न्याहारीला बसलं की ती जिभेची परीक्षा घ्यायची. काळी कॉफी. ग्रेपफ्रूटची कडू साल. शुक्रवारी तिने ऍस्पिरिनची गोळी जिभेवर ठेवली आणि विरघळू दिली. पिठूळ लागली, बस. व्हर्न समोर बसून अंडं खात होता.

“डोकं दुखतंय?”

“नाही.”

“मग गोळी चोखतेस का?”

लुआनने कपात पाणी ओतलं. व्हर्न मुळात कमी बोलणारा माणूस. रोज पहाटे तीसेक गोठ्यांवर जाऊन तो फक्त ‘थंडी आहे’ एवढंच बोलून येतो. त्याने अंडं संपवलं, ताट सरकवलं.

“अजिबात नाही?” त्याने विचारलं.

“मीठ थोडं जाणवतं. टोकाला.”

“डगला माहितीये?”

“एप्रिलची तपासणी होऊ दे. मग सांगते.”

“तू?” व्हर्न म्हणाला. “तू एप्रिलपर्यंत गप्प बसणार?” तो हसला नाही. टोपी घातली आणि टँकर सुरू करायला बाहेर गेला. लुआनला वाटलं, त्याने भांडायला हवं होतं.

दुसऱ्या आठवड्यात तिच्या मनात पाल चुकचुकली. चिठ्ठ्या जुळत होत्या. सोमवारी जुळल्या, मंगळवारी जुळल्या. बुधवारी अकरापैकी अकरा. आधी तिला हायसं वाटत होतं, मग ती जुळलेल्या चिठ्ठ्या पुन्हा मोजायला लागली. सात वर्षांत या माणसाशी तिचे आठ दिवस कधी सलग जुळले नव्हते. धडधाकट जीभ होती तेव्हा जुळत नव्हते, आणि आता अर्ध्या जिभेवर सगळेच्या सगळे जुळतात? डेव्हन तिच्यासमोर बसून ‘तुमचं बरोबर आहे’ म्हणण्यातला नव्हता. तो तर मुलींच्या बारशालासुद्धा पाद्रीशी वाद घालून आला होता.

गुरुवारी तिने चीजकडे कमी आणि डेव्हनकडे जास्त बघितलं. तो चाखत होता, थुंकत होता, पेन्सिल उचलत होता. पण पेन्सिल कागदावर टेकवायच्या आधी त्याची नजर खाली जात होती. तिच्या हातांकडे. तिच्या अंगठ्याकडे.

आता हे अंगठ्याचं प्रकरण बाहेरच्याला सांगून कळायचं नाही, पण टेबलावर बसणाऱ्याला लगेच कळेल. कांडी काढली की वडीला भोक पडतं. उरलेलं टोक आत सारून, वरून चीजचा लेप अंगठ्याने दाबून ते बुजवावं लागतं. दोन वर्षं मुरवायची वडी असेल तर लेप नीट फिरवून फिरवून गुळगुळीत करायचा, नाहीतर हवा शिरते आणि आत बुरशी धरते. वितळवायच्या वडीचे एवढे लाड कोण करणार? टोक आत ढकललं की झालं. लुआनची जुनी खोड अशी की ती भोक आधी बुजवायची आणि चिठ्ठी मागून लिहायची. म्हणजे तिचा आकडा चिठ्ठीच्या आधी अंगठ्यावर दिसायचा. सात वर्षं डेव्हनने तो बघितला नव्हता, कारण बघायचा नसतो. पत्त्यांच्या डावात शेजाऱ्याचे पत्ते दिसले तरी माणूस मान वळवतो, तसं.

तो आता बघत होता.

त्या दिवशी दुपारी दोनला ती घरी आली आणि कोट न काढता स्वयंपाकघरात बसून राहिली. गाठ आहे हे कळलं त्या दिवशीसुद्धा ती इतकी घाबरली नव्हती. तेव्हा निदान सगळे खरं बोलत होते.

सोमवारी, म्हणजे अकराव्या दिवशी, तिसरी वडी आली ती वासालाच मेली होती. खवट, साबणासारखा वास, कांडी बाहेर येताच टेबलभर पसरला. साचे धुणाऱ्या पोरीनेही नाकाला हात लावला असता. लुआनने चेहरा कोरा ठेवला. कांडी हुंगली, मळली, तोंडात घातली, थुंकली. मग टोक आत सारलं, वर लेप लावला आणि अंगठा फिरवायला लागली. एकदा, दोनदा, पाचदा. लग्नाच्या केकवर फिरवावा इतक्या निगुतीने. मग कागद ओढून आकडा लिहिला.

डेव्हनने जरा वेळ घेतला. मग त्यानेही लिहिला.

चिठ्ठ्या उलटल्या. त्याचे तीन. तिचं शून्य.

डेव्हन तिच्या चिठ्ठीकडे बघत राहिला. मानेपासून कानापर्यंत तो लाल होत गेला.

“वास घे,” लुआन म्हणाली.

“घेतला होता.”

“मग कशाचा येतोय?”

“साबणाचा.”

“साबण दोन वर्षं मुरवणारेस?”

शेजारी डगच्या खोलीत रेडिओवर गुरांचे बाजारभाव चालू होते.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“पहिल्या दिवसापासून. वॉल्टचा तो पहिला हौद. कडू होता, लुआन. घशापर्यंत कडू. आणि तुम्ही शांतपणे चघळत होतात.”

“आणि तू तीन लिहिलंस.”

“तुमचा अंगठा फिरताना दिसला.”

“मी तुला हे शिकवलं?” तिचा आवाज फाटला. किरणांनंतर तो तसाही फाटकाच झाला होता. “दोन वर्षांनी कुणीतरी आपल्या संघाचं नाव वाचून ते चीज घेणार. पोरांना देणार. आणि तुला माझी दया आली म्हणून त्यांनी कडू खायचं?”

“नाही खाणार ते.” डेव्हनने कोटाच्या आतल्या खिशातून एक छोटी वही काढली आणि टेबलावर ठेवली. “तुम्ही दोनला घरी जाता. मी नंतर आत जाऊन वड्यांच्या खूणचिठ्ठ्या बदलतो. खरे आकडे यात आहेत.”

लुआनने वही उघडली नाही. कडू चीज बाहेर जाणार नाही, हे ऐकून तिला बरं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, पण क्षणभरच. अकरा दिवस ती पहाटे पाचला उठत होती, बर्फातून गाडी हाकत होती, जीव मुठीत धरून आकडे लिहीत होती, आणि त्या आकड्यांवर कारखान्यात एक वडीसुद्धा हलली नव्हती. पोराला आपणच गाडी चालवतोय असं वाटावं म्हणून त्याच्या हातात खेळण्यातलं चाक देतात, तसं चाक तिच्या हातात दिलं होतं. तिला इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं. रडताना तोंड कोरडंच राहिलं, तेही तिला झोंबलं.

“एवढी दया आली तुला?”

“दया नाही,” डेव्हन म्हणाला. “भीती वाटली.”

“कसली? मी मरेन म्हणून?”

“तुम्ही जाल म्हणून. आठ महिने मी या टेबलावर एकटा होतो. माझा एकही आकडा चुकला नाही, माहितीये? समोर कुणी नसलं की माणूस रोज बरोबरच असतो. घरी जाताना प्रत्येक आकडा पुन्हा आठवून बघायचो. तुम्ही आलात तेव्हा वाटलं, काही का असेना, खुर्ची भरली. मग तुमचं खरं सांगून तीच खुर्ची मी कशी रिकामी करू?”

लुआनने नाक पुसलं. बाटलीतलं पाणी प्यायली.

“वाच,” ती म्हणाली.

“काय?”

“वही. वाच.”

त्याने वाचलं. अकरा दिवसांत या साबणाआधी एकशे चार हौद झाले होते. त्यांतल्या अकरांत दोघांचं जुळत नव्हतं. चार असे होते की ज्यांवर एरवीही भांडण झालं असतं. उरलेले सात कडू.

“आणि बाकी त्र्याण्णव?”

“बरोबर होते. नाक अजून माझ्यापेक्षा तिखट आहे तुमचं.”

“लोणी लावू नकोस. सातांत वॉल्टचे किती?”

डेव्हनने वहीत बघितलं. त्याला बघायची गरज नव्हती. “पाच.”

“पाच?” लुआनने मान वर केली. “वॉल्टच्या हाताला काय झालंय?”

“माहीत नाही. मीठ कमी पडत असेल, विरजण बदललं असेल. त्याला सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर त्याने विचारलं असतं, लुआनने तीन कसे दिले?”

म्हणजे वॉल्ट हौदामागून हौद बिघडवत होता आणि त्याला कुणी सांगत नव्हतं. त्याच्या चाळीस वर्षांच्या नावावर विसंबून तिने डोळे मिटले होते, आणि तिला झाकायला डेव्हनने त्यालाही झाकलं होतं. लुआन उठली. तिने आपल्या अकरा दिवसांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा उचलला आणि डेव्हनची वही उचलली.

“एप्रिलपर्यंत थांबा,” डेव्हन म्हणाला. “व्हर्न म्हणाला मला, तपासणीचं.”

“व्हर्न तुझ्याशी बोलला?”

“गोठ्याच्या रस्त्यावर टँकर थांबवून बोलला. चार वाक्यं बोलला.”

“चार?” लुआन म्हणाली. नवऱ्याने तिच्यासाठी केवढी मजल मारली हे तिला कळलं. दारापर्यंत जाऊन ती एकदा थांबली, कारण पलीकडे गेल्यावर परत येता येईल की नाही याची तिला खात्री नव्हती. मग ती गेली.

डगने रेडिओ बंद केला. तो शाळेत तिच्या मागच्या बाकावर बसायचा, त्यामुळे तिचा चेहरा बघून त्याने आधी खुर्ची पुढे केली. लुआन बसली नाही. गठ्ठा आणि वही तिने त्याच्यासमोर ठेवली.

“यातले सात मला कळले नाहीत. सातही कडू. मला चव नाही, डग. ऑगस्टपासून नाही. डेव्हनने सगळं निस्तरलंय, खराब काही गेलेलं नाही. त्याला काही बोलायचं नाही. आणि वॉल्टला आजच्या आज सांग, त्याचे हौद कडू होतायत.”

डगने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

“हे तू मला सांगायला नको होतंस,” तो म्हणाला.

“मग कुणाला सांगायचं?”

“तसं नाही गं. आता मला कळलं. कळलं की मला काहीतरी करावं लागतं.”

“म्हणून तर सांगितलं.”

डगने वही चाळली. पारखीच्या परवान्यावरून तिचं नाव काढावं लागेल, तो म्हणाला, आजच. त्यावर लुआनने मान डोलावली. मग तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, “हजेरी एप्रिलपर्यंत चालू ठेवतो. डेव्हनसोबत टेबलावर बस. वास घेते म्हणून, शिकवते म्हणून, काय लिहायचं ते मी बघतो. एप्रिलमध्ये संचालक मंडळ बसेल. मी तुझ्या बाजूने बोलेन. पण बाकी सहाजण, सगळे गोठेवाले, काय म्हणतील ते मला सांगता येत नाही.”

“सहातल्या चौघांचं दूध मी कधी ना कधी हुंगून परत पाठवलंय.”

“पाच जणांचं,” डग म्हणाला.

मंडळ एप्रिलच्या नऊ तारखेला बसणार होतं. तपासणी तेवीसला होती. लुआनने मनातल्या मनात मधले दिवस मोजले, पुन्हा मोजले, ते तेवढेच भरले.

ती परत आली तेव्हा डेव्हनने पुढची वडी टेबलावर मांडून ठेवली होती आणि हात मागे बांधून उभा होता. गेली की राहिली, हे तो तिच्या चालीवरून ओळखू बघत होता. लुआनने कोट सारखा केला. टोपी नीट केली, बसली, सळी खुपसली, अर्धा वळसा दिला, ओढली. कांडी नाकाखाली धरली. स्वच्छ. लोण्याचा वास, मागे थोडं भाजलेलं दूध. बोटात मळली. रेशमासारखा दाणा, म्हणजे वॉल्टच. नाक सांगत होतं तीन. बोटं सांगत होती तीन. अंगठा सवयीने भोकाकडे निघाला होता, तो तिने मुठीत धरला.

कांडीचं दुसरं टोक मोडून तिने डेव्हनपुढे केलं. त्याने ते तोंडात घातलं आणि डोळे मिटून चघळायला लागला. नियमाप्रमाणे त्याच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, सात वर्षं तिनेच ते त्याच्याकडून घोटून घेतलं होतं. एकतीस वर्षं या टेबलावर लुआन फ्रायटागने लोकांना नुसतं सांगितलं होतं. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती पुढे झुकली.

“कसं लागतंय?” तिने विचारलं.